अकराव्या खड्ड्यावरचा नवरा

"लिही," भाऊजी म्हणाले. "'अंधारात पाहणारा, शांततेत ऐकणारा, बंद दाराआडचं ओळखणारा, या शहरातला एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर.' लिहिलंस?"

"लिहिलं. पण पेंटर म्हणतो, पाटी दोन फुटांचीच आहे."

"मग 'अंधारात' बारीक अक्षरात घाल म्हणावं. अंधारातलं तसंही कुणाला दिसत नाही."

शेवटी पाटीवर 'गुप्तहेर' एवढंच मावलं, आणि त्यातलाही 'हेर' जिन्याच्या खांबामागे गेला. जिना चढणारी माणसं नुसतं 'गुप्त' वाचतात, उरलेला शब्द मनानेच पुरा करतात आणि मान खाली घालून निघून जातात. धंदा चालतो तो बेताचाच, त्याला हेही एक कारण असावं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचण्यात काढली. घरोघरच्या जिन्याखाली, कपाटामागे, न्हाणीघराच्या बाहेर टॉर्च घेऊन वाकून पाहायची त्यांना इतकी सवय झाली की निवृत्तीनंतर ती सुटेना. ताई म्हणाली, हे दुसऱ्यांच्या घरात वाकून पाहणारच असतील तर निदान पाटी लावून पाहू देत. मग माझा फोटो स्टुडिओ बंद पडला. लोकांनी स्वतःचे फोटो स्वतःच काढायला सुरुवात केल्यावर माझ्याकडे फक्त कॅमेरा आणि एक धबधब्याचा पडदा उरला. ताईने मला भाऊजींचा सहायक केलं. पडद्यामागे ती आता कणीक मळते, कारण आमची कचेरी तिच्या स्वयंपाकघराचाच पुढचा अर्धा भाग आहे.

चपलेच्या झिजेवरून माणसाचा स्वभाव, व्यवसाय आणि रक्तगट सांगता येतो, असा भाऊजींचा दावा आहे. स्वभाव ते सगळ्यांचाच 'संशयास्पद' सांगतात. व्यवसाय विचारून घेतात. रक्तगट एकदाच बरोबर आला. तो माझा होता आणि ताईने आधी सांगितलेला होता.

त्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली तेव्हा भाऊजींनी खुर्चीतून न उठता हात वर केला.

"बोलू नका. तुमच्या बोटांना पांढरी भुकटी आहे. तुम्ही शिवणकाम करता. कापडावर खडूने खुणा करता."

"मी शाळेत भूगोल शिकवते," बाई म्हणाल्या.

"तेच ते. खुणा नकाशावर." भाऊजींनी मला डोळ्यांनी 'बघितलंस?' असं विचारलं. मी बघितलं होतं.

बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. पर्सचा बंद उघडला, लावला, पुन्हा उघडला. मग एकदम म्हणाल्या, "माझे मिस्टर दर रविवारी सकाळी सायकल घेऊन बाहेर पडतात आणि दुपारी परत येतात. मधल्या वेळात ते कुठे असतात, ते मला हवंय."

"सायकलवर असतील," मी म्हणालो.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची दहा मिनिटं पेन्सिलीला टोक करत बसलो.

बाईंनी सांगितलं ते असं. त्यांच्या मिस्टरांच्या कंपनीत पूर्वी सगळे वरिष्ठ गोल्फ खेळायचे, कारण बडे साहेब गोल्फ खेळायचे. रविवारी हिरवळीवर कोण साहेबांच्या शेजारून चाललं, त्यावरून सोमवारी कोणाची फाईल पुढे चालते ते ठरायचं. मग साहेबांना पन्नाशीच्या पुढे कधीतरी सायकलीचा साक्षात्कार झाला. महिन्याभरात झाडून सगळ्यांनी गोल्फच्या काठ्या विकल्या, वाटल्या, माळ्यावर टाकल्या. ज्या माणसांना चप्पल घालायला वाकताना धाप लागायची ती घट्ट चड्ड्या घालून घाट चढायला लागली.

"यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सायकल मीच दिली," बाई म्हणाल्या. "मला इतकं बरं वाटलं होतं. दर रविवारी निघताना मी त्यांचा फोटो काढते आणि माझ्या बहिणींना पाठवते. पण आठ महिने झाले. वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. घामाचा वास नाही. दमलेले नसतात. मोज्यांना गवत चिकटलेलं असतं. आणि हात..."

"हात?" भाऊजी पुढे सरकले.

"उजवा हात उन्हाने रापलाय. डावा मनगटापर्यंत पांढराफटक."

भाऊजींनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा विचार करतात असं त्यांचं म्हणणं आहे. ताईचं म्हणणं वेगळं आहे.

"आणखी एक," बाईंचा आवाज बारीक झाला. "गेल्या रविवारी आंघोळ करताना गात होते. 'बर्डी मिळाली, बर्डी मिळाली.' मी दाराशी जाऊन विचारलं, कोण बर्डी? तर नळ बंद झाला. मग म्हणाले, कुठे काय."

पडद्यामागे कणीक मळण्याचा आवाज थांबला.

भाऊजींनी डोळे उघडले. "बाई, मन घट्ट करा. गवत म्हणजे बाग. वाढलेलं वजन म्हणजे कोणीतरी हाताने खाऊ घालतंय. आणि डावा हात पांढरा, कारण दर रविवारी तो तासन्‌तास कोणाच्या तरी हातात असतो. त्याला ऊन लागतंच कधी?"

बाईंनी पर्स मिटली. त्या रडल्या नाहीत, पण शाळेतल्या बाई रडत नाहीत तेव्हा ते बघवत नाही. "आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'मीटर तपासायला' म्हणून त्यांच्या घरी गेलो. मिस्टर कचेरीत होते. सायकल दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी होती, पाहुण्यांनी बसायचं त्या जागी. भाऊजींनी तिच्या चाकाचा वास घेतला, घंटी वाजवली, चेनवर बोट फिरवलं आणि ते बोट स्वच्छ निघालं म्हणून मला दाखवलं.

स्वयंपाकघरात बाईंच्या सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला बघून टोपल्या सरकवून जागा केली, आणि बसलोच आहोत तर हात चालवा म्हणून दोघांपुढे शेंगांचा ढीग लोटला.

"आजी," भाऊजी शेंग सोलत सहज म्हणाले, "मुलगा रविवारी सायकलवर जातो म्हणे. काळजी वाटत असेल."

"वाटते ना. मी फोन करते मधेच. विचारते, कुठपर्यंत आलास? मागच्या खेपेला म्हणाला, अकराव्या खड्ड्यावर आहे."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "खड्डे मोजतो?"

"मोजावेच लागतात. अठरा असतात."

"अठराच?" भाऊजींना आमच्या गल्लीचा अभिमान दुखावल्यासारखं झालं. "आमच्या कोपऱ्यावरच तेवढे आहेत."

दारात उभ्या असलेल्या बाईंनी सुस्कारा सोडला. "रस्त्यांची त्यांना भारी चीड आहे."

"पण मधे तळं आहे, त्याचं मला भय वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "कितीदा तळ्यात जातो."

"कोण, तुमचा मुलगा?"

"छे हो. तो. हा काठावरच असतो. तो गेला तळ्यात की गेला. हा काही आत उतरत नाही काढायला."

भाऊजींच्या हातातली शेंग निसटली. "मग... काय करतात?"

"काय करणार? दुसरा घेतो."

कुकरची शिट्टी झाली तेव्हा भाऊजी उभेच राहिले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "प्रकरण बाईचं नाही. किंवा नुसतं बाईचं नाही. तळं आहे. माणसं जातायत. एक गेला की दुसरा. आणि म्हातारी शांतपणे मटार सोलतेय! आईची माया आंधळी असते, पण इतकी?"

"भाऊजी, मला वाटतं 'तो' म्हणजे दुसरंच काहीतरी..."

"'तो' म्हणजे पुल्लिंग," भाऊजी म्हणाले. "व्याकरण तुझ्या बापाचं नाही."

रविवारी पाठलाग करायचा ठरलं. पाठलागाला सायकली हव्यात. भाड्याच्या सायकलींच्या दुकानदाराने हात झटकले. "एक शिल्लक नाही. रविवार सकाळ म्हणजे पन्नाशीचा मोसम. पोरं आता बसने जातात." शेवटी कोपऱ्यातून त्याने दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल काढली. ती कोणत्यातरी जोडप्याने लग्नाच्या फोटोसाठी घेतली होती आणि पुढच्या हँडलला अजून कागदी गुलाब होता.

"उत्तम," भाऊजी म्हणाले. "कोणालाही संशय येणार नाही."

घट्ट चड्ड्या आम्हीही घेतल्या. त्यांना मागे गादी शिवलेली असते. भाऊजींनी आपली चड्डी उलटी घातली, आणि ताईने दारातून हसत हसत सांगेपर्यंत गादी पोटाच्या संरक्षणासाठी आहे असं मला समजावलं.

पेट्रोल पंपापाशी मंडळी जमली होती. लांबून पाहिलं तर फुगे विकणारा आलाय असं वाटावं. पोपटी, नारिंगी, जांभळे, आणि सगळे गोल. बडे साहेब मधे उभे होते. त्यांनी आपली सायकल एका करंगळीवर उचलून दाखवली.

"सात किलोसुद्धा नाही. मागच्या महिन्यात बोल्ट बदलले. दीडशे ग्रॅम वाचले."

सगळ्यांनी वा वा केलं. साहेबांच्या स्वतःच्या पोटावर दीडशे ग्रॅम शोधायला जागा भरपूर होती, पण तिथले बोल्ट बदलायचं कोणी सुचवलं नाही.

"तुम्ही?" साहेबांनी आमच्या सायकलीकडे पाहत विचारलं.

"ऊर्जा सल्लागार," भाऊजी म्हणाले. मीटर वाचणाऱ्याला इंग्रजीत काहीही म्हणता येतं, मराठीत एवढंच.

"आणि हे?"

"मागची ऊर्जा," मी म्हणालो.

बाईंचे मिस्टर कडेला उभे होते. मऊ, सभ्य माणूस. बाईंनी घरून निघताना काढलेल्या फोटोतलं हसू अजून चेहऱ्यावरून उतरवायचं राहिलं होतं. डाव्या खिशात काहीतरी पांढरं कोंबलेलं होतं. भाऊजींनी मला कोपराने डिवचलं. "रुमाल. बाईचा."

ताफा निघाला. साहेब सर्वांत पुढे. कोणी साहेबांच्या पुढे जात नव्हतं, जायची ताकद असूनही. कंपनीचा हिशेबनीस तर उतारावर ब्रेक दाबून मागे राहत होता. गप्पा मात्र जुन्याच असाव्यात. कोण कोणत्या खात्यात जाणार, कोणाचं काम अडलंय. साहेब डावीकडे वळून काही बोलले की डावीकडचा उजळायचा आणि उजवीकडचा जोरजोरात पॅडल मारायचा. त्यांतले एक दंतवैद्य होते, सगळ्या कंपनीचे दात त्यांच्याकडेच जायचे. ते माझ्याशेजारी आले.

"पूर्वी गोल्फमध्ये बरं होतं," ते धापा टाकत म्हणाले. "बोलायला श्वास उरायचा."

भाऊजी पुढे बसून दिशा दाखवत होते. पॅडल मारायचं काम त्यांनी तत्त्वतः मान्य केलं होतं, प्रत्यक्षात त्यांचे पाय नुसते गोल फिरत होते. घाटाच्या पायथ्याला पोचेपर्यंत माझ्या पाठीवरून स्टुडिओच्या पडद्यावरचा धबधबा वाहायला लागला.

पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर बाईंच्या मिस्टरांनी हात वर केला. "पंक्चर! तुम्ही व्हा पुढे!"

कोणी थांबलं नाही. प्रत्येकाच्या हँडलवर सरासरी वेग दाखवणारं यंत्र होतं, आणि मित्रासाठी थांबलं की सरासरी पडते.

"हीच ती वेळ!" भाऊजी ओरडले. "थांबव!"

"ब्रेक तुमच्याकडे आहे!"

"ब्रेक मागे असतो!"

मागे नव्हता. आम्ही टाकीवरून, वळणावरून आणि पुढच्या सबंध उतारावरून कागदी गुलाबासकट वाऱ्यासारखे गेलो. बड्या साहेबांनाही ओलांडलं. ताफ्यात कोणीतरी घाबरून "अहो, अहो!" म्हटलं. सायकल थांबली ती उताराच्या तळाशी एका कॉफीच्या दुकानात. दुकानासमोर नव्हे.

मंडळी मागोमाग आली आणि बसली. तिथे कळलं की ही सहल म्हणजे कॉफीपर्यंत येणं, तीन तास बसणं आणि परत जाणं. भाऊजींनी गुडघ्यावर बर्फ धरून दंतवैद्यांना गाठलं.

"ते पंक्चरवाले... त्यांचं नेहमीच होतं असं?"

"दर रविवारी," दंतवैद्य म्हणाले. "तिथेच, त्याच वळणावर. नशीबच खोटं बिचाऱ्याचं."

"आठ महिने दर रविवारी त्याच जागी पंक्चर, आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

दंतवैद्यांनी विचार केला. "वाटलं. टायर बदल म्हणून सांगितलं मी."

बडे साहेब नव्या चाकांबद्दल बोलायला लागले होते, म्हणजे कोणालाच उठता येणार नव्हतं. आम्ही मात्र उठलो. सायकल एका भाजीच्या टेम्पोत घातली, स्वतःला कोबीवर बसवलं, आणि थेट बाईंच्या घरी गेलो. टाकीजवळचं वळण आलं तेव्हा मी वाकून पाहिलं. ना मिस्टर, ना सायकल.

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी बाईंना खुर्चीत बसायला सांगितलं. स्वतः उभे राहिले. त्यांना बसता येतच नव्हतं.

"बाई, प्रकरण सुटलं. जो माणूस आठ महिने एकाच जागी पंक्चर करून घेतो, त्याचं टायर फुटत नाही, मन फुटतं. त्या वळणावर एक पंक्चर काढणारी आहे. तिचं नाव बर्डी. टोपणनाव असेल. तळ्याकाठी दुकान, मागे बाग. रबराच्या कामात ती यांचा डावा हात धरून ठेवते. आधीच्या गिऱ्हाइकांना ती तळ्यात..." इथे ते सासूबाईंना बघून थांबले. "तो भाग पोलिसांचा."

बाई बघतच राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही.

"मला पंक्चर काढता येत नाही म्हणून?"

इतका वेळ भाऊजी एक रहस्य सोडवत होते, समोर बाई आहे हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी पाण्याचा पेला उचलून बाईंपुढे धरला. मी खाली पाहायला लागलो.

"काय झालं गं?" सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तो येईल आता. मी आत्ताच फोन केला. चौदाव्या खड्ड्यावर आहे."

"आई, मला नका सांगू खड्डे!" बाईंचा आवाज फुटला. "ते रस्त्यावर नाहीत! रस्त्यावरचे सगळे लोक कॉफी पितायत!"

"अगं, रस्त्यावर कसा असेल? रस्त्यावर कोणी गोल्फ खेळतं का?"



"गोल्फ?" बाई म्हणाल्या.

"मग खड्डे कशाचे असतात? चेंडू टाकायचे." सासूबाईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू आमच्यापैकी कोणाला ताप आहे ते ओळखत होत्या. "आठ महिने तेच तर सांगतेय. चेंडू तळ्यात गेला की दुसरा घेतो. त्या एका हाताला मोजा घालतो. मी नाही का दर रविवारी धुऊन वाळत घालत?"

"आई, पण तुम्ही मला..."

"मला वाटलं तुला माहीत आहे. नवरा तुझा आहे ना?"

भाऊजी हळूच भिंतीला टेकले. "हीच माझी तिसरी शक्यता होती," ते पुटपुटले, पण स्वतःलाच ऐकू येईल एवढंच.

बाईंनी गाडीची किल्ली उचलली. सासूबाई पुढे बसल्या, आम्ही मागे. कोणी बोलवलं नव्हतं, पण कोणी उतरवलंही नाही.

टाकीच्या वळणावरून आत कच्चा रस्ता जात होता. त्याच्या टोकाला गोल्फचं मैदान. गाड्या लावायच्या जागेत शेळ्या बसलेल्या. क्लबाच्या ओसरीवरच्या खुर्च्या एकीवर एक रचून दोरीने बांधलेल्या. सगळी हिरवळ रिकामी, आणि तिच्या मधोमध एकच माणूस. पोपटी घट्ट चड्डी, डोक्याला हेल्मेट, डाव्या हातात पांढरा मोजा. भाड्याची काठी धरून तो चेंडूकडे इतक्या प्रेमाने बघत होता की बाई क्षणभर जागच्या जागी थांबल्या.

मग त्याने वर पाहिलं. काठी खाली ठेवली. हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं.

"बर्डी कोण?" बाईंनी विचारलं.

"कोण नाही. काय." मिस्टर म्हणाले. "चार फटक्यांत जो चेंडू टाकायचा असतो, तो तीनमध्ये गेला तर त्याला बर्डी म्हणतात. माझा गेला. त्या तिथे. पहिल्यांदाच आयुष्यात."

"इतकी वर्षं खेळत होतात आणि कधीच नाही?"

"साहेब बरोबर असायचे ना. त्यांच्यापेक्षा एक तरी जास्त लागायला पाहिजे." त्यांनी रिकाम्या हिरवळीकडे पाहिलं. "ते सगळे सायकलीवर गेले आणि इथे शांत झालं. कोणाला हरवायचं नाही. कोणाकडून हरायचं नाही. मला कळलं की मला हे आवडतं."

"मग सांगायचं ना!"

"तू सायकल दिलीस. दर रविवारी फोटो काढतेस. तुझ्या बहिणी अंगठे पाठवतात. कसं सांगू, की मला ती सायकल बघवत नाही? बसलं की दुखतं, आणि समोर मैलन्‌मैल हिशेबनिसाची पाठ. पाठसुद्धा नाही गं, पाठीच्या खालचं."

सासूबाई फिस्सकन हसल्या. बाई नाही हसल्या.

"मी काय समजले होते, माहीत आहे? आठ दिवस मी झोपले नाहीये."

मिस्टरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

"पूर्वी तुम्ही घरी येऊन गोल्फचं सांगायचात," बाई म्हणाल्या. "मी वह्या तपासत 'हो का' म्हणायचे. एक शब्द ऐकला नाही कधी. ऐकलं असतं तर बर्डी कळली असती." त्या तिथेच गवतावर बसल्या. "सांगा आता. कशी गेली?"

"खरंच?"

"सांगा."

मग त्यांनी सांगितलं. वारा कुठून होता, चेंडू कसा उचलला, झाडाला लागतोय असं वाटलं आणि नाही लागला. हात हलवून, पुढेमागे चालून. फार लांबण लावली. बाईंनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. भाऊजी मात्र दोनदा जांभई देणार होते, मी त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"झालं," मिस्टर म्हणाले.

"मला काहीच कळलं नाही," बाई म्हणाल्या. "पण छान झालं."

त्या उठल्या, गवत झटकलं आणि ओसरीपाशी टेकवलेल्या सायकलीकडे गेल्या. सीट खाली केली. चपलेचा पट्टा आवळला.

"अगं, ती अवघड असते, गिअर..." मिस्टर म्हणेपर्यंत त्या टांग मारून बसल्याही होत्या. पहिली दहा पावलं सायकल डुलली. मग सरळ झाली. कच्चा रस्ता, वळण, आणि बाई दिसेनाशा.

मिस्टर तोंड उघडं टाकून बघत राहिले. "हिला येते?"

"शाळेला सायकलनेच जायची ती," सासूबाई म्हणाल्या. "जिल्ह्यात पहिली आली होती शर्यतीत. तुला सांगितलं नाही कधी?"

मिस्टरांनी हेल्मेट काढलं.

"सांगितलं असेल," ते म्हणाले.

मग एकदम धावतच गाडीकडे निघाले, आणि आम्ही मागे. मुख्य रस्त्याला लागलो तर पुढे चढावर फुग्यांचा ताफा परत येताना दिसला, सगळे मान खाली घालून रेटत होते. त्यांच्यामधून बाई वर चालल्या होत्या. हिशेबनीस मागे पडला, दंतवैद्य मागे पडले. बड्या साहेबांनी शेजारून काय गेलं ते पाहायला मान वर केली आणि पाय टेकले.

आमची गाडी त्यांच्याजवळ आली. साहेबांनी खिडकीतून आत पाहिलं. पोपटी चड्डी, स्टिअरिंगवर पांढरा मोजा.

"तू? पंक्चर ना तुझं?"

"नाही, साहेब," मिस्टर म्हणाले. "कधीच नव्हतं. मी गोल्फ खेळत होतो."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. बाकीचे अजून खालीच होते. मग ते खिडकीत वाकले आणि आवाज अगदी खाली आणला.

"ते... अजून उघडं असतं?"

"असतं."

"आत्ता जाता येईल? मला घेऊन चल. सायकल ठेवू कुठेतरी झाडीत."

मी मिस्टरांकडे पाहिलं. आठ महिन्यांची बढती खिडकीत वाकून उभी होती.

"आज नको, साहेब," ते म्हणाले. "बायको पुढे गेलीय." आणि त्यांनी गाडी सोडली. साहेब चढावर मागे राहिले. असं त्या कंपनीत आधी कोणी केलं नव्हतं.

वरच्या वळणावर बाईंची पाठ दिसायला लागली तेव्हा भाऊजी पुढे झुकले. त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा, शास्त्रशुद्ध झाला होता.

"सावकाश. अंतर ठेवा. पाठलाग करताना आपण दिसता कामा नये."

"दिसू दे की तिला," सासूबाई म्हणाल्या, आणि हात लांब करून त्यांनी हॉर्न दाबला.